कर्करोगग्रस्त माता-पित्यांची शुश्रूषा : उपस्थात्याचे गुण आणि वैद्याचे कर्तव्य

प्रास्ताविक

चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. पैकी भिषक् आणि द्रव्य यांवर आपल्या परिषदांतून विपुल चर्चा होते. रोगपरीक्षेवर ग्रंथ लिहिले जातात. उपस्थाता मात्र बहुधा परीक्षेतील चार गुणांच्या उत्तरापुरता उरतो. कर्करोगासारख्या दीर्घ व्याधीत, आणि विशेषतः रुग्ण जेव्हा आई किंवा वडील आणि उपस्थाता त्यांचाच मुलगा, मुलगी वा सून असते, तेव्हा या तिसऱ्या पादावर चिकित्सेचा मोठा भार पडतो. त्याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

आमचा दवाखाना कर्वेनगरात आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली आपला आश्रम ज्या हिंगण्याच्या माळावर आणला, तोच हा परिसर. आज येथील अनेक सदनिकांतून वृद्ध दांपत्ये राहतात. मुले हिंजवडीस नोकरीला, नाही तर बंगळूरला किंवा परदेशी. घरात कर्करोगाचे निदान झाले की पहिल्या आठवड्यातच कोणी तरी आमच्याकडे येते आणि एकच प्रश्न विचारते : "केमो न देता तुमच्या औषधाने भागेल का?" या प्रश्नाला वैद्य काय उत्तर देतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

रुग्णवृत्त

रुग्णा स्त्री, वय ६८. डाव्या स्तनात अर्बुद. तपासणीअंती कर्करोग निश्चित. शस्त्रक्रियेने स्तन व काखेतील ग्रंथी काढल्या. त्यानंतर रसायनोपचार म्हणजे केमोथेरपी आणि पुढे किरणोपचार असा क्रम ठरला. पती हृद्रोगी. थोरला मुलगा परदेशात, धाकटा पुण्यात. प्रत्यक्ष शुश्रूषा धाकट्या सुनेकडे. परदेशस्थ मुलाचा आग्रह, आईला रोगाचे नाव सांगू नये. धाकट्याचा आग्रह, केमो टाळावी. रुग्णेस कोणीच काही विचारलेले नव्हते.

प्रथम आम्ही केमोच्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर दिले. सुश्रुतांनी अर्बुदाचा अवशेष राहिल्यास ते पुन्हा वाढते, असा इशारा देऊन ठेवला आहे. अध्यर्बुद आणि द्विरर्बुद या संज्ञाही त्यांच्याच. शस्त्रक्रियेनंतरच्या रसायनोपचाराचे प्रयोजन हेच, की डोळ्यांना न दिसणारा शेष राहू नये. तो उपचार सोडून केवळ आमचे औषध घ्या, असे सांगण्यास आमच्याजवळ आधार नाही. उपचारकाळात अग्नी, बल, निद्रा आणि मन यांचे रक्षण करणे हे आमचे क्षेत्र. आणि ते लहान नाही.

सत्यकथनाचा प्रश्न

आईला सांगावे की न सांगावे, हा वाद घरोघरी होतो. न सांगण्याच्या बाजूने चरकांचा आधार दिला जातो. विमानस्थानात शिष्यास जो उपदेश आहे, त्यात रुग्णाचे आयुष्य अल्प उरले आहे हे जाणूनही ते बोलून दाखवू नये, असे आहे खरे. परंतु तेथे अट आहे : जेथे बोलण्याने रुग्णाला वा अन्य कोणाला आघात पोहोचेल तेथे. तो निषेध आसन्न मरणाच्या घोषणेचा आहे. रोगाचे नाव, उपचाराचे स्वरूप आणि त्यातील कष्ट लपविण्याचा नव्हे. शिवाय शस्त्रक्रियेची संमती रुग्णाने स्वतः द्यावयाची असते. केस गळू लागल्यावर, किरणोपचाराच्या विभागात इतर रुग्ण दिसल्यावर सत्य कळतेच; मग आपलीच मुले आपल्याशी खोटे बोलली, हे दुःख रोगाच्या दुःखात मिळते.

आम्ही कुटुंबास एवढेच सुचविले की, आईला आधी तिला किती जाणून घ्यायचे आहे ते विचारावे आणि तेवढे खरे सांगावे. तिने सुनेला उत्तर दिले, "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही सगळे घाबरला होतात, म्हणून मी गप्प बसले." यानंतर घरातील कुजबूज थांबली आणि प्रत्येक निर्णयात रुग्णा सहभागी झाली. चरकांनी रोग्याच्या गुणांत ज्ञापकत्व, म्हणजे आपली अवस्था नीट सांगता येणे, गणले आहे. ज्याच्यापासून सर्व लपविले आहे तो रुग्ण ज्ञापक कसा होणार?

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

सुश्रुतसंहितेत व्रणितोपासनीय हा स्वतंत्र अध्याय आहे. स्वच्छ घर, वाऱ्याचा झोत न लागणारी शय्या, कापलेली नखे, शुभ्र स्वच्छ वस्त्रे, शोक-क्रोध टाळणे, आणि प्रिय बोलणाऱ्या सुहृदांची सोबत. आजच्या जंतुसंसर्गप्रतिबंधाशी यातील बहुतेक गोष्टी जुळतात. धूपनाबाबत मात्र विवेक हवा. उपचाराने क्षीण झालेल्या वृद्ध रुग्णाच्या बंद खोलीत दाट धूर करू नये.

रुग्णा घरी आली ती काखेजवळ निचऱ्याची नळी घेऊन. तिच्या पिशवीतील स्राव रोज ठराविक वेळी मोजून वहीत लिहावा. नळी केव्हा काढावयाची याचा निर्णय शल्यचिकित्सक या आकड्यांवरूनच घेतात. स्राव एकाएकी लाल वा दुर्गंधी झाला, जखम लाल व उष्ण झाली, तर त्याच दिवशी कळवावे. काखेतील ग्रंथी काढलेल्या हाताची काळजी आयुष्यभराची असते. त्या हातावर रक्तदाब मोजू नये, सुई टोचू नये; विळीवर वा तव्याजवळ काम करताना जपावे. हात जड वाटू लागला, बांगडी रुतू लागली, तर ती लसीका साचून येणाऱ्या शोथाची सूचना होय. अशा हाताला घरी जोराने तेल रगडू नये. त्यासाठी शिकलेल्या भौतिकोपचारतज्ज्ञाकडेच जावे. खांदा आखडू नये म्हणून भिंतीवर बोटे चढविण्याचा व्यायाम शल्यचिकित्सकांच्या अनुज्ञेने करवावा. सुनेने भिंतीवर पेन्सिलीने रोजची खूण केली. त्या खुणा वर सरकत गेल्या तसा रुग्णेचा उत्साह वाढला.

आहार : अग्नीप्रमाणे चढती पायरी

शोधनानंतरचा संसर्जनक्रम सर्वांस ज्ञात आहे : पेया, विलेपी, यूष, मांसरस. येथे क्रम शब्दशः लावावयाचा नसून त्यातील तत्त्व घ्यावयाचे आहे. क्षीण अग्नीला पेलेल तेथून आरंभ करून बलापर्यंत न्यावे. केमोनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पेज, मऊ भात, मुगाचे कढण, थोड्या थोड्या अंतराने. पुढील दिवसांत वरण, दूध, पनीर, चालत असेल तर अंडे. रुग्णालयातील आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ता समोर ठेवूनच हे करावे. तोंड आले असता तिखट व आंबट वर्ज्य.

आमच्या रुग्णेचा संकष्टीचा उपास अनेक वर्षांचा. उपास मोडणे तिला मान्य होईना. लंघन हे बलवान रुग्णाला आणि सामावस्थेत. क्षीणधातू, शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धेला बृंहणच हवे, हे आम्ही तिला समजावून सांगितले. तिने व्रत सोडले नाही. चंद्रोदयाची प्रार्थना ठेवली आणि उपास सुनेकडे सोपविला. असा मार्ग घरातील माणसेच काढू शकतात.

ज्वर ही आणीबाणी

या लेखातील एकच वाक्य वाचक वैद्यांनी लक्षात ठेवावयाचे असेल तर ते हे : केमो चालू असलेल्या रुग्णास १००.४ अंश फॅरनहाइट (३८ अंश सेल्सियस) वा अधिक ज्वर आल्यास तो आपल्या दवाखान्यात थांबविण्याचा रुग्ण नव्हे. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. या काळातील संसर्ग काही तासांत प्राणघातक होऊ शकतो. काढा, लंघन, घरातील तापाची गोळी देऊन वाट पाहणे, यांपैकी काहीही न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आमच्या रुग्णेस दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी रात्री अकरा वाजता १०१ अंश ताप आला. सासऱ्यांचे म्हणणे, सकाळपर्यंत पाहू. एवढ्या रात्री धावपळ कशाला? सुनेने वहीचे पहिले पान उघडून दाखविले. तेथे मोठ्या अक्षरांत तापाचा आकडा आणि रुग्णालयाचा दूरध्वनी लिहिलेला होता. अर्ध्या तासात ते निघाले. पांढऱ्या पेशी अत्यल्प निघाल्या. शिरेवाटे प्रतिजैविके सुरू झाली आणि पाच दिवसांनी रुग्णा घरी आली. चरकांनी उपस्थात्याचे चार गुण सांगितले : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. अनुराग त्या रात्री घरातील सर्वांच्या ठायी होता. उपयोगी पडले ते उपचारज्ञता आणि दाक्ष्य.

औषधांविषयी संयम

सदाफुली कर्वेनगरातील प्रत्येक सोसायटीच्या कुंपणाशी फुलते. तिच्यापासून व्हिन्क्रिस्टीन व व्हिनब्लास्टीन ही केमोची औषधे मिळाली, हे खरे. म्हणूनच तिची पाने चावून खाणे हा उपचार नसून विषबाधेस निमंत्रण आहे. भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या संदेशांतील लक्ष्मणफळ, गव्हांकुराचा कच्चा रस, गोमूत्र यांबाबतही कुटुंबास सावध करावे. पांढऱ्या पेशी कमी असताना न उकळलेला रस हेच संसर्गाचे द्वार ठरू शकते.

आपल्या स्वतःच्या द्रव्यांबाबतही हीच कसोटी लावली पाहिजे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रायोगिक संशोधनात हळदीतील कर्क्युमिनने स्तनाच्या कर्करोगावरील काही केमो औषधांच्या कार्यात अडथळा आणल्याचे दिसले. वरणातील हळद निराळी आणि तिच्या अर्काची कॅप्सूल निराळी. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतविकार झालेल्या काही रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षास आक्षेप घेतला. वाद काहीही असो, ज्या रुग्णाचे यकृत आधीच तीव्र औषधे पचवीत आहे, त्यास आपण दिलेले प्रत्येक द्रव्य कर्करोगतज्ज्ञास लेखी कळविले पाहिजे. भस्मे, गुग्गुळाचे कल्प, तीव्र शोधन हे केमोच्या काळात देऊ नयेत, असे आमचे मत आहे. पुण्याजवळ वाघोली येथे आयुर्वेद व आधुनिक चिकित्सा यांचा एकत्रित विचार करणारे कर्करोग संशोधन केंद्र आहे. समन्वय साधायचा तर तो दोन्ही बाजूंच्या नोंदी परस्परांना दाखवूनच. तसेच कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे, याचे स्मरण संघटनेच्या सभासदांनी ठेवावे.

उपस्थात्याचीही परीक्षा करावी

प्रत्येक भेटीत रुग्णाबरोबर आलेल्या व्यक्तीची निद्रा, भोजन आणि वजन यांची चौकशी करावी. आमच्या रुग्णेच्या सुनेचे तीन महिन्यांत पाच किलो वजन घटले होते. तिला ते कोणी विचारले नव्हते. कुटुंबाची बैठक घेऊन कामे वाटून दिली : रुग्णालयाच्या फेऱ्या व विम्याचे कागद धाकट्या मुलाकडे, औषधांच्या वेळा सासऱ्यांकडे, आणि परदेशस्थ मुलाने रोज सूचना करण्याऐवजी रात्रीची परिचारिका ठेवण्याचा खर्च उचलावा व महिनाभराची रजा घेऊन यावे. तो आला. आईची मलमपट्टी पहिल्यांदा स्वतः केल्यावर त्याच्या सूचना आपोआप कमी झाल्या.

कर्वेनगरालगत वारजे येथे सिप्लाचे वेदनाशामक व परिहार सेवा केंद्र १९९७ पासून विनामूल्य कार्य करीत आहे. तेथे रुग्णासमवेत नातेवाइकालाही राहता येते आणि शुश्रूषेचे शिक्षण मिळते. अशी सेवा केवळ अखेरच्या दिवसांसाठी असते, हा समज चुकीचा आहे. उपचार चालू असतानाच वेदना, ओकारी, अनिद्रा आणि कुटुंबाचा थकवा यांसाठी तिचे साहाय्य घ्यावे. हा पत्ता आपल्या रुग्णांस देणे म्हणजे रुग्ण सोडणे नव्हे.

समारोप

आमच्या रुग्णेचे किरणोपचार पूर्ण झाले असून ती नियमित तपासणीस जाते. रोग पुन्हा उद्भवणार नाही, असे आश्वासन आम्ही दिलेले नाही आणि तिनेही ते मागितलेले नाही. ती आता सकाळी सोसायटीच्या आवारात फिरते. उंच फळीवरचा डबा डाव्या हाताने काढते.

वैद्यबंधु-भगिनींना विनंती एवढीच की, कर्करोगाचा रुग्ण आपल्याकडे आला असता औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी त्याच्या उपस्थात्यास समोर बसवून चार गोष्टी लिहून द्याव्यात : तापाचा आकडा, रुग्णालयाचा क्रमांक, चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, आणि त्याला स्वतःला विश्रांती देणाऱ्या दुसऱ्या माणसाचे नाव. चौथी ओळ बहुतेक घरांत कोरी राहते. ती भरून घेतल्याशिवाय त्यांना उठू देऊ नये.