घटक ४ : देवालयाचा शिलालेख आणि गावाचा इतिहास

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• शिलालेखाच्या आधारे गावाचा इतिहास कसा मांडता येतो, हे सांगता येईल.
• प्राचीन मराठीतील काही शब्दांच्या अर्थांतराचे स्पष्टीकरण करता येईल.
• लेखी पुरावा आणि लोकश्रुती यांतील भेद ओळखता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या गावात एखादे जुने दगडी देवालय असेल, तर त्याविषयी दोन विधाने तुम्ही नक्कीच ऐकली असतील : ते 'हेमाडपंती' आहे आणि ते 'एका रात्रीत' बांधले गेले. श्रद्धा म्हणून या विधानांना स्थान आहे. परंतु इतिहास म्हणून ती तपासावी लागतात. ती कशी तपासावीत, हे आपण खानदेशातील पाटण या गावाच्या उदाहरणाने पाहू.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ स्थळ आणि देवालय

जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावच्या दक्षिणेकडील डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटण आहे. चंडिकादेवीच्या स्थानामुळे आज ते 'पाटणादेवी' म्हणून परिचित असून, भोवताली गौताळा अभयारण्याचे रान आहे. 'पाटण' म्हणजे 'पत्तन', अर्थात नगर. आज येथे रान असले, तरी एकेकाळी येथे बाजारपेठ होती, हे गावाचे नावच सुचविते.

येथील महादेवाच्या देवालयात शके १०७५ (इ.स. ११५३) चा, निकुंभ घराण्याचा संस्कृत लेख आहे. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. म्हणजे हे देवालय त्याच्याहून सुमारे एक शतक जुने ठरते. 'हेमाडपंती' ही संज्ञा चुना न वापरता रचलेल्या दगडी देवालयांना सरसकट लावली जाते. ती कालनिश्चितीचा पुरावा नव्हे.

४.३.२ शके ११२८ चा लेख

पाटणचा दुसरा लेख अधिक महत्त्वाचा आहे. भवानीच्या देवळातील हा लेख १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांपुढे आणला. 'सिद्धान्तशिरोमणी'कार भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा यादवराजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे, यासाठी त्याने पाटण येथे मठ स्थापन केला. निकुंभ सामंत सोइदेव याने श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, या मठाला दान दिले.

लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. राजवंश, विद्वानांची परंपरा आणि दात्याची स्तुती त्यात येते. शेवटी मात्र भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. असे का व्हावे? या मराठी ओळींत पेठेतील मालावरचे आणि तेलाच्या घाण्यांवरचे देणे नोंदविले आहे. कीर्ती संस्कृतात सांगता येत होती. पण ज्यांनी प्रत्यक्ष काही द्यायचे, त्यांना ते कळणे आवश्यक होते. विक्रेता, गिऱ्हाईक आणि तेली यांच्या व्यवहारासाठी त्यांचीच भाषा दगडावर आली. गावातील सामान्य माणसांची गाठ आपल्याला पडते ती येथे.

४.३.३ शब्दांची साक्ष

केणे : विक्रीचा माल. हा माल पेठेत उघडला की त्यावरील राजाचा हिस्सा मठाकडे जाई.

मढ : मठ. दोन स्वरांमधील 'ठ'चा 'ढ' होणे, ही प्राकृतातून आलेली प्रवृत्ती येथे दिसते.

राउळ : मूळ 'राजकुल'. या लेखात अर्थ 'राजा, राजसत्ता' असा आहे. आज आपण 'राऊळ' म्हणतो ते देवळाला. ज्याच्याकडे देणे पोहोचवायचे तो राजा लोपला. शब्द देवाकडे राहिला.

पळी : घाण्यामागे पळीपळी तेल, असे मठाचे उत्पन्न ठरले होते. हा शब्द तुमच्या स्वयंपाकघरात आणि देवघरात आजही आहे.

४.३.४ लेख काय सांगत नाही

भास्कराचार्यांचा जन्म पाटणलाच झाला, असे अनेकदा ठामपणे सांगितले जाते. हा लेख तसे म्हणत नाही. स्वतः भास्कराचार्यांनी सह्याद्रीजवळील 'विज्जडविड' या नगराचा उल्लेख केला आहे आणि त्याच्या स्थाननिश्चितीबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. लेखातून सिद्ध होते ते एवढेच, की त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ होता. मात्र हे 'एवढेच' लहान नाही. गणित आणि ज्योतिष शिकविणाऱ्या मठाला गावच्या घाण्यांतील तेल मिळत होते, ही गोष्ट कोणत्याही जन्मस्थानाइतकीच अभिमानाची आहे.

४.४ सारांश

देवालय गावाच्या भूतकाळाची साक्ष देते. पण ती साक्ष वाचावी लागते. पाटणचा मठ राहिला नाही, पेठही राहिली नाही. ती होती हे आपल्याला कळते, ते दगडावरील मोजक्या मराठी ओळींमुळे. म्हणून जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुन्या शिळेवर रंगाचा हात फिरतो, तेव्हा गावातील कोणाचा तरी एकमेव उल्लेख पुसला जात असण्याची शक्यता असते.

४.५ स्वाध्याय

१. पाटणच्या लेखात संस्कृत आणि मराठी यांची विभागणी कशी झाली आहे, ते सकारण लिहा.
२. 'राउळ' या शब्दाच्या अर्थांतरावर टीप लिहा.
३. उपक्रम : तुमच्या गावातील जुन्या देवालयाची माहिती 'दगडावर दिसते ते', 'कागदावर आहे ते' आणि 'लोक सांगतात ते' अशा तीन रकान्यांत नोंदवा. लेख आढळल्यास अक्षरांत खडू, तेल वा शेंदूर भरू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घ्या. तिसरा रकाना भरताना गावातील वृद्धांकडे आवर्जून जा. पहिले दोन रकाने काही काळ थांबू शकतील. तिसरा थांबणार नाही.