पिकअप घेताना : जुने इंजिन की नवे?

भाजी, दूध, ऊस-बेणे नेण्यासाठी दाराशी स्वतःची पिकअप असावी, असे आता बऱ्याच शेतकरी कुटुंबांना वाटते. त्यासाठी कर्ज काढावे लागते. क्वचित घरातले दागिनेही गहाण पडतात. म्हणून गाडीचा रंग पाहण्याआधी तिचे इंजिन समजून घ्यावे. कोणी म्हणतो, "जुने इंजिन दणकट", दुसरा म्हणतो, "जुने धूर ओकते, नवेच घ्या." दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण गाडी रोज किती आणि कोठे धावणार, यावरच खरी निवड ठरते, असे आम्हांला वाटते.

फरक कोठे आहे?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा जोराने दाबली की ती तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. सगळे महत्त्व या फवाऱ्याला आहे. जुन्या इंजिनात हे काम यांत्रिक पंप करतो. त्याची रचना साधी; गावचा मेस्त्री आवाजावरून दोष ओळखतो. नव्या 'कॉमन रेल' इंजिनात एका जाड नळीत डिझेल प्रचंड दाबाखाली असते. हा दाब आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या हजार पटींहूनही अधिक होऊ शकतो. केव्हा व किती फवारायचे हे संगणक ठरवतो. फवारा धुक्यासारखा बारीक असल्याने डिझेल अधिक चांगले जळते आणि आवाजही कमी होतो. मात्र डिझेलमध्ये पाणी, कचरा किंवा रॉकेलची भेसळ असेल, तर हा नाजूक पंप आणि नोझल लवकर बिघडतात व दुरुस्ती महाग पडते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर नव्या गाड्यांना 'भारत स्टेज ६' हा नियम लागू झाला. डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० वर आली आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी आली. परंतु २०२० पूर्वीची प्रत्येक गाडी साधी असते असे नाही. 'स्टेज ४' च्या पुष्कळ गाड्यांतही कॉमन रेल आहे. तेव्हा जुनी गाडी घेताना नुसते साल विचारू नका, पंप कोणता तेही विचारा.

गाळणीची अडचण

गाळणीत साठलेली काजळी इंजिन अधूनमधून स्वतःच जाळून टाकते. त्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो. बेळगावची भाजी घेऊन चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या गाडीत हे सहज घडते. मळ्यातून गावापर्यंत दोन-तीन किलोमीटर ये-जा करणाऱ्या गाडीत ते अर्धवट राहते. मग दिवा लागतो, गाळणी तुंबते, आणि जास्तीचे डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी काडीवर वाढलेली दिसली तर आनंद मानू नका; तो धोक्याचा इशारा आहे. काही गाड्यांत युरियाचे द्रावणही वेगळ्या टाकीत भरावे लागते. ते अतिशुद्ध असते. शेतातला निमलेपित युरिया पाण्यात कालवून चुकूनही ओतू नये.

हिशेब असा करावा

समजा, जुनी गाडी लिटरला ११ किलोमीटर देते आणि नवी १४. रोज १२० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस धावली, तर नवीत सुमारे ५८ लिटर डिझेल वाचेल. त्यातून हप्त्याला हातभार लागेल. रोजची धाव १५ किलोमीटरच असेल, तर बचत जेमतेम ७ लिटर. तेवढ्यासाठी मोठे कर्ज परवडत नाही. अशा घराला चांगल्या अवस्थेतील जुनी गाडी किंवा भाड्याची गाडीच बरी.

जुनी घेताना इंजिन थंड असतानाच, स्वतःसमोर, चालू करायला सांगा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळते. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही, तर फवारा बिघडला असेल किंवा पाणी आत शिरत असेल. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण सैल करून मेस्त्रीला दाखवा; तेथून धूर जोराने येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याचा संभव आहे. फिटनेस, विमा व कर्जाचा बोजा कागदांवर तपासा.

आरोग्याची बाजू

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत नोंदवला. दम्याच्या रोग्याला व लहान मुलांना तो अधिक त्रास देतो. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने एअर फिल्टर व नोझल वेळेवर पाहावे, आणि गोठ्याजवळ किंवा बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. नवी घेणाऱ्याने 'गाळणी काढून टाका, एव्हरेज वाढेल' हा गॅरेजमधला सल्ला ऐकू नये. ती काढणे बेकायदा आहे, आणि अडवलेली काजळी मग आपल्याच अंगणात पडते.

तेव्हा विक्रेत्याकडे जाण्याआधी एक महिना वहीत रोजची धाव लिहा, जवळ कोणत्या इंजिनाचा जाणता मेस्त्री आहे ते पाहा, आणि मगच घरच्यांसह निर्णय घ्या. हप्ता सगळ्या घराला भरायचा असतो.