गर्दीत चुकलेलं लेकरू सापडलं, तर

यवतमाळचा दुर्गोत्सव असो, वणीची रंगनाथस्वामींची यात्रा असो की दिग्रसच्या घंटीबाबाची, गर्दीत एखादं लेकरू चुकतंच. ते नेमकं तुमच्यापुढे येऊन उभं राहिलं, तर काय करायचं?

चुकलेल्याची माहिती कागदावर उतरवून माग काढायची रीत लढायांमध्येही वापरली गेली. १९१४च्या महायुद्धात रेडक्रॉसने जिनिव्हात बेपत्ता आणि कैदी माणसांची कार्डं लिहायला घेतली. ती सुमारे ७० लाखांवर गेली. आपल्याला एकच लिहायचं आहे.

आधी जागा सोडू नका. मायबाप आल्या वाटेनेच शोधत परत येतात, आणि आपण मात्र लेकराला कडेवर घेऊन भलतीकडे भटकतो. पंधरा-वीस मिनिटं तिथेच थांबा. गुडघ्यावर बसा, पाणी द्या, सोबतीला एखादी बाई घ्या. “रडू नको” म्हणून कोणी थांबत नाही; रडू द्या.

हुंदके ओसरले की कागद काढा. कुठे सापडलं, किती वाजता, अंगावर काय, पायात काय, करदोटा, ताईत, गोंदण. मग ते बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवा, दुरुस्ती करू नका. इथे आपल्या जिल्ह्यात चूक सहज होते. लेकरू “याडी, याडी” करत असेल, तर कुणा बाईचं नाव समजून माइकवर पुकारू नका. बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत याडी म्हणजे आई. “पोडावर राहतो” म्हणालं, तर ते कोलामांच्या वस्तीबद्दल सांगतंय. झरी-पांढरकवड्याकडचं पोर तेलुगू बोलत असेल. मराठी कळत नाही म्हणून त्याला मुकं ठरवू नका, ती बोली येणारं माणूस शोधा. गावाचं नाव येत नसेल तर विचारा: घराजवळ काय आहे? जिनिंग, धरण, बाभळीखालचं मारोतीचं देऊळ? बाबाला शेजारी काय हाक मारतात? आधार कार्डावरच्या नावापेक्षा ती हाक लवकर पोचते.

आपल्या सोयीचं नाव मात्र ठेवू नका. दुसऱ्या महायुद्धात घरदार सुटलेली पोलंडची मुलं १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिली. परक्या मुलखातही त्यांची शाळा पोलिश भाषेतच भरे. नाव आणि बोली, माग लागतो तो यांच्यावरूनच.

माइकवर सांगताना अर्धंच सांगा: “पाच-सहा वर्षांचा मुलगा देवीच्या मंडपाजवळ आहे.” कपड्यांचा रंग झाकून ठेवा. न्यायला येणाऱ्याने तो सांगायचा, मोबाइलमधला फोटो दाखवायचा. ताबा देताना पोलीस हजर हवेत, नोंद हवी. लेकरू गळ्यात पडलं म्हणून तेवढ्यावर सोडू नका; ओळखीच्या कुणाच्याही गळ्यात ते पडेल.

व्हॉट्सअॅपवर फोटो टाकायचा मोह आवरा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करायला २०१५च्या बाल न्याय कायद्यात मनाई आहे. शिवाय तो फोटो कुणाकुणाच्या हाती पडतो, हे आपल्याला कळत नाही.

कोणीच आलं नाही, तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ किंवा आपत्कालीन ११२ लावा, जवळचं पोलीस ठाणं गाठा. “आजची रात्र आमच्या घरी झोपू दे” हे प्रेमाने होतं, पण चूक आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत लेकरू बाल कल्याण समितीपुढे जायला हवं, आणि सापडल्याची खबर न देणं हा गुन्हा आहे. आपला कागद सोबत द्या. समितीला तपासाचं पहिलं टोक त्यातच मिळतं. ज्यांना मूल नाही, त्यांना देऊन टाका, असले सल्ले गर्दीत हमखास मिळतात. ऐकू नका.

तुमचंच लेकरू हरवलं असेल, तर “चोवीस तास वाट बघा” हे कुणाचंही ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या आदेशानुसार हरवलेल्या बालकाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा असतो. लगेच जा, ताजा फोटो न्या.

आणि यात्रेला निघण्याआधी पेन घ्या, पोराच्या मनगटावर आतल्या बाजूने आपला मोबाइल नंबर लिहा. नाव लिहू नका. नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसामागे पोरगं जातं. मोठं असेल तर नंबर पाढ्यासारखा पाठ करून घ्या. सोबत १०९८ही शिकवा; त्याला पैसे लागत नाहीत, तो रात्रंदिवस चालतो.