उन्हाने पाणी शुद्ध करू या

दिसते तसे नसते, असे आपण म्हणतो. पाण्याचेही तसेच. विहिरीचे पाणी नितळ दिसते, पण त्यात रोगजंतू असू शकतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्यामुळे हगवण, पटकी, विषमज्वर हे रोग होतात. हगवण लागलेले तान्हे मूल एका दिवसात मलूल होते. कधी हाती लागत नाही.

पाणी उकळले की जंतू मरतात. पण रोज घरभराचे पाणी उकळायला सरपण कुठून आणायचे? अशा वेळी ऊन कामी येते. त्याला पैसा पडत नाही. लेबनॉन देशातील बैरूत शहरी आफ्तिम आक्रा या प्राध्यापकांनी ही रीत तपासून पाहिली. १९८४ साली युनिसेफने तिची माहिती छापली.

रीत सांगतो. प्लास्टिकची बिनरंगी, आरपार दिसणारी बाटली घ्या. ती दोन लिटरहून मोठी नको. फार ओरखडे पडलेली नको. वरचा कागद काढा. बाटली धुऊन पाण्याने भरा, बूच लावा. पत्र्यावर उन्हात आडवी ठेवा. सकाळपासून सहा तास तिच्यावर सावली येऊ देऊ नका. उन्हातील न दिसणारे किरण आणि उष्णता मिळून जंतू मारतात. आभाळ भरलेले असेल तर दोन दिवस ठेवा. पावसाची झड लागली तर मात्र पाणी उकळूनच प्या.

गढूळ पाण्यात किरण शिरत नाहीत. म्हणून पाणी आधी निवळू द्या, घडीच्या फडक्याने गाळा. मग भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मोठ्या मथळ्यावर उभी ठेवा. तोंडातून खाली पाहा. अक्षरे वाचता आली तर पाणी चालेल. आपण वाचायला शिकलो, त्याचा हाही एक उपयोग!

एक गोष्ट ध्यानात ठेवा. उन्हाने जंतू मरतात, पण पाण्यातले क्षार किंवा विषारी औषध जात नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडे काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड असते. त्याने दात व हाडे बिघडतात. तिथे ही रीत पुरत नाही. दुसरे चांगले पाणीच शोधावे लागते.

तयार पाणी त्याच बाटलीत ठेवा. भांड्यात ओतून प्या, हात बुडवू नका. आणि एक दोन दिवसांत संपवा.

सांगा पाहू :
१. बाटली किती तास उन्हात ठेवावी?
२. गढूळ पाण्याचे आधी काय करावे?
३. उन्हाने पाण्यातले काय जात नाही?