गाडीचा मेंदू आणि २५ हजारांची 'चिप'



सुरुवातीलाच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विभागात लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण विषय असा आहे की मेसमध्ये दर दोन दिवसांनी त्यावर वाद होतोच : "चिप टाक, गाडी उडेल!" खरंच उडते का? आणि त्याची किंमत कोण मोजतं? हे मला पुस्तकाआधी घरातच शिकायला मिळालं.

ईसीयू काय करतो?

पूर्वी कार्ब्युरेटर आणि डिझेलचा मेकॅनिकल पंप जे काम करायचे, ते आता ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर करतो. क्रँकचा वेग, आत येणारी हवा, कूलंटचे तापमान, रेलमधले प्रेशर, पॅडल किती दाबले, ही सगळी माहिती सेन्सर त्याला देतात. ईसीयूच्या मेमरीत तक्ते असतात, त्यांना 'मॅप' म्हणतात. आपल्या लॉग टेबलसारखेच समजा. इतका आरपीएम, इतका लोड, तर इतके इंधन, या क्षणी. झालं!

कंपनी हे मॅप मुद्दाम थोडे हात राखून बनवते. कारण तीच गाडी राजस्थानच्या उन्हात, लडाखच्या विरळ हवेत आणि भेसळीच्या इंधनावरही चालली पाहिजे, शिवाय प्रदूषणाच्या मर्यादेत राहिली पाहिजे. चिपवाले नेमका हा राखलेला हात वापरतात.

'चिप'चे चार प्रकार

१) खरी चिप : ८०-९०च्या दशकात मॅप ईप्रॉममध्ये असायचा. ती चिप काढून दुसरी बसवत. नाव तिथूनच पडलं.

२) ट्यूनिंग बॉक्स : हा सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसतो आणि चक्क खोटं बोलतो. रेलमध्ये १६०० बार असताना ईसीयूला १४५० सांगतो. ईसीयू बिचारा प्रेशर वाढवतो, डिझेल जास्त जातं.

३) रीमॅप : ओबीडी पोर्टला लॅपटॉप जोडून मॅपच बदलतात. आज सगळे 'चिप' म्हणतात ते बहुतेक वेळा हेच, यात चिप नसतेच!

४) इंधन वाचवणारा प्लग : असा एक आम्ही लॅबमध्ये उघडला. आत लुकलुकणारे एलईडी, काही रेझिस्टर आणि एक मायक्रोकंट्रोलर. ईसीयूशी बोलायला कॅन ट्रान्सीव्हर लागतो आणि तो पोर्टच्या ६ व १४ नंबरच्या पिनला जोडावा लागतो. इथे तो नव्हताच. म्हणजे पैसे देऊन दिवाळीची माळ घेतली!

काकांची गाडी

माझे काका नाशिक-मुंबई टुरिस्ट गाडी चालवतात. गाडी कर्जावर. दुसऱ्या वर्षाला असताना मीच त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "काका, रीमॅप करून घ्या, घाटात फरक पडेल." त्यांनी २५ हजार घातले. फरक पडलाही, खोटं कशाला बोलू?

मग सर्व्हिसिंगला कंपनीने ईसीयूचा नवीन अपडेट टाकला. अपडेट म्हणजे जुन्या प्रोग्रॅमवर नवीन प्रोग्रॅम, त्यामुळे रीमॅप पुसला गेला. काकांना वाटलं, वर्कशॉपवाल्यांनी गाडी बिघडवली. ते परत ट्यूनरकडे गेले. त्याने आपली जुनी फाइल जशीच्या तशी लिहिली. पिकअप परत आला, पण कंपनीने केलेली दुरुस्ती गेली.

तीन महिन्यांनी, ऐन लग्नसराईत, सात माणसं आणि एसी चालू असताना कसारा घाटात इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी पुढे जाईना. क्लच स्लिप! गणित सोपं आहे :

पॉवर (किलोवॅट) = २π × आरपीएम × टॉर्क ÷ ६००००

२००० आरपीएमला २०० न्यूटन-मीटर म्हणजे ४१.९ किलोवॅट. टॉर्क २५० केला तर ५२.४. पॉवर २५ टक्के वाढली म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पण हा जादा टॉर्क क्लच, गिअरबॉक्स आणि शाफ्टमधूनच चाकापर्यंत जातो ना! त्यांना कोणी रीमॅप करत नाही. नवा क्लच कदाचित सोसेल, अर्धा झिजलेला नाही. गाडी आठ दिवस उभी, भाडी गेली, हप्ता मात्र थांबला नाही. काही ईसीयूमध्ये प्रोग्रॅम किती वेळा लिहिला याची नोंद राहते. वर्कशॉपने ती दाखवून वॉरंटीला नकार दिला.

काका मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अगं, तू शिकतेयस ना, मग पूर्ण शिकून सांगत जा." ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

मग कंपनी नेहमी बरोबर?

तसंही नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनची चोरी उघड केली. गाडीची चाचणी चालू आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करायचं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या! आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयने चाचण्या घेतल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावायचं जाहीर केलं. म्हणजे सॉफ्टवेअरने झालेला घोटाळा सॉफ्टवेअरनेच निस्तरायचा. १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे प्रत्यक्ष रस्त्यावरचे उत्सर्जनही मोजावं लागतं, ते अशाच अनुभवांमुळे.

करायचंच असेल तर

- मूळ फाइल वाचून जपून ठेवली का, हे आधी विचारा.
- ईसीयूचा सॉफ्टवेअर व्हर्जन नंबर लिहून ठेवा. अपडेट झाला तर जुनी फाइल परत टाकू देऊ नका.
- सर्व्हिसिंगला देताना रीमॅप आहे हे सांगा. विमा कंपनीलाही कळवा.
- क्लच आणि टर्बो आधी तपासा.
- 'डीपीएफ किंवा ईजीआर बंद करून देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत या. तो धूर आपल्याच फुप्फुसात जातो.

काकांच्या गाडीत आता कंपनीचं ताजं सॉफ्टवेअर आहे. घाटात ती जरा सावकाश चढते, पण चढते. आणि मेसमध्ये कोणी "चिप टाक" म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारते, "क्लच कितीचा आहे?" तुम्हीही विचारत जा.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, मेकॅनिकल