वर्गपद असलेल्या राशीची किंमत काढणे

अक्षराच्या जागी दिलेली संख्या ठेवून बैजिक राशीची किंमत काढणे, हा बीजगणिताच्या आरंभीचा महत्त्वाचा घटक होय. राशीत वर्गपद असले व दिलेली संख्या ऋण असली, म्हणजे पुष्कळ विद्यार्थी चुकतात. अशा वेळी उत्तरावर केवळ फुली मारून वही परत करणे योग्य नव्हे. चूक कोठे झाली, हे बहुधा उत्तरच सांगते.

उदाहरण : क्ष = −३ असता २क्ष² − ३क्ष + ५ या राशीची किंमत काढा.

प्रथम अक्षराच्या जागी रिकामा कंस लिहवून घ्यावा व मग त्यात संख्या भरावयास सांगावी.

२(−३)² − ३(−३) + ५
= २ × ९ + ९ + ५
= ३२

ऋण संख्येस ऋण संख्येने गुणिले असता गुणाकार धन येतो, हा नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात दिला आहे. येथे तो दोनदा लागतो : एकदा वर्ग करताना व एकदा मधल्या पदात.

चुकीच्या उत्तरांचा अर्थ

(१) उत्तर −४ : कंस गळला, वर्ग −९ धरला.
(२) उत्तर २ : वर्ग म्हणजे दुप्पट असे समजून −६ घेतले.
(३) उत्तर ५० : सहगुणकासह वर्ग केला; (−६)² = ३६ धरले.
(४) उत्तर १४ : वर्ग बरोबर, परंतु मधल्या पदाचे चिन्ह चुकले.

चौघांचेही उत्तर चूक आहे. परंतु प्रत्येकास निराळे साहाय्य हवे. पहिल्यास कंसाची सवय लावावी, तर दुसऱ्यास वर्गाचा अर्थच पुन्हा समजावून द्यावा.

संख्येची निवड

संख्या विचारपूर्वक निवडावी. क्ष = ० घेतल्यास वरील सर्व चुका झाकल्या जातात. क्ष = २ घेतल्यास वर्ग व दुप्पट दोन्ही ४ येतात; त्यामुळे ज्यास वर्ग कळलेला नाही, त्याचेही उत्तर बरोबर ठरते. क्ष = −२ घेतल्यास पहिल्या दोन्ही चुकांचे उत्तर ३ येते व कारण उमगत नाही.

सराव : चूक दुरुस्त करून दिल्यावर त्याच राशीत क्ष = −४ ठेवण्यास सांगावे. उत्तर ४९ आले पाहिजे. −१५, १, ८१ किंवा २५ आल्यास अनुक्रमे वरीलपैकी कोणती चूक राहून गेली, हे शिक्षकांस तत्काळ कळेल.