मुख्यमंत्री कोण निवडतो?

मागच्या सुट्टीत गावी गेलो असता पारावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला विचारले, “तू राज्यशास्त्र शिकतोस ना? मग सांग. सरपंच आम्ही मत देऊन निवडला. मुख्यमंत्री मात्र आम्हाला न विचारता कसा बदलतो?” मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करीत आहे.

प्रश्नामागचा अनुभव खरा आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये निवडलेल्या एकाच विधानसभेने तीन मुख्यमंत्री पाहिले. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी श्री. देवेंद्र फडणवीस यांनी शपथ घेतली आणि सभागृहात मतदान होण्यापूर्वीच २६ तारखेला राजीनामा दिला. २८ तारखेला श्री. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. ३० जून २०२२ रोजी त्यांच्या जागी श्री. एकनाथ शिंदे आले. मधल्या काळात विधानसभेची सार्वत्रिक निवडणूक झालीच नाही.

याचे कारण आपण मुख्यमंत्र्याला मत देतच नाही. सरपंचाची थेट निवडणूक महाराष्ट्रात २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली व २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. थेट निवडलेल्या सरपंचाला अधिकार सरळ गावाकडून मिळतो. विधानसभेसाठी मात्र आपण फक्त एक आमदार निवडतो. जालना, बदनापूर, भोकरदन, परतूर व घनसावंगी मिळून आपल्या जिल्ह्याचे पाच आमदार, साऱ्या राज्याचे २८८. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे १४५ जणांचा विश्वास ज्याच्या मागे असेल, तो मुख्यमंत्री होतो. घटनेच्या १६४ व्या कलमानुसार त्याची नेमणूक राज्यपाल करतात. परंतु मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या जबाबदार असते ते विधानसभेला. हा विश्वास गेला की सरकार गेले.

अशी पद्धत आपण का स्वीकारली? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याचा खुलासा केला होता. शासन स्थिर हवे आणि जबाबदारही हवे. दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात साधत नाहीत. अमेरिकेच्या अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक, तर संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक. मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले. मतदार पाच वर्षांनी हिशेब मागतो. सभागृह तो रोज मागू शकते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पावरील मतदान आणि शेवटी अविश्वासाचा ठराव ही त्याची साधने होत. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत श्री. अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले, ते याच नियमाने.

विश्वास मोजायचा कोठे, हेही ठरलेले आहे. बोम्मई खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बहुमताची कसोटी सभागृहातच लागली पाहिजे. ११ मे २०२३ च्या निकालात, ठाकरे यांना बहुमत सिद्ध करण्यास सांगण्याचा राज्यपालांचा निर्णय न्यायालयाने समर्थनीय मानला नाही. परंतु त्यांनी मतदानास सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचे सरकार परत आणता येत नाही, असेही म्हटले.

या पद्धतीची दुबळी बाजूही आहेच. सारा भार आमदारावर, आणि तोच फिरला तर? म्हणून १९८५ मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला. २००३ मध्ये तो कडक करून एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीची पळवाट बंद केली. तरीही २०२२ घडले. केवळ कायद्याने विश्वास राखला जात नाही.

तेव्हा पारावरच्या त्या गृहस्थांना माझे उत्तर असे : मुख्यमंत्री आपण निवडत नाही, पण ज्याच्या मतावर तो टिकतो किंवा पडतो, तो आमदार आपला आहे. तो गावात आला की आपण रस्ता मागतो, सभामंडप मागतो. गेल्या अधिवेशनात आमच्या पाण्याविषयी कोणता प्रश्न विचारला, कोणत्या ठरावावर कोणत्या बाजूने हात वर केला, हे मात्र कोणी विचारत नाही. ते विचारू लागलो, तर मुख्यमंत्री आम्हाला न विचारता बदलतो ही तक्रार निदान निम्मी तरी कमी होईल, असे मला वाटते.